डाव्या बाजूचं हब

१

बेरिंग साफ करायचं म्हणजे आधी चिंधी, मग रॉकेल, मग पुन्हा चिंधी आणि शेवटी उजेडात धरून एकेक रोलर फिरवून पाहायचा. हा क्रम मी कधी मोडला नाही. अकोल्यात पातूर रस्त्यावर ओमप्रकाशचं वर्कशॉप होतं. तिथे मी मिस्त्री होतो आणि माझ्या धुण्यापुसण्याची सगळे टिंगल करत. "पुंजाजी, बेरिंग धुऊन राहिले का नवरदेवाले आंघोळ घालून राहिले?" असं ओमप्रकाश रोज एकदा तरी म्हणायचा. पण एखादी अवघड गाडी आली की तिचा एक्सल माझ्याच पुढ्यात येऊन पडायचा, हेही खरं.

एकसष्ट सालच्या जानेवारीत असाच एक आला. लढाईतला ट्रक. लढाई संपल्यावर सरकारनं असे ट्रक ढिगानं विकले होते. हा हात बदलत बदलत अंजनगाव सुर्जीच्या एका जिनवाल्याकडे पोचला आणि त्याच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांमागे तेरा वर्षं पडून राहिला. आता म्हाताऱ्या मालकाच्या मुलाला तो पुन्हा रस्त्यावर आणायचा होता. इंजिन ओमप्रकाशनं घेतलं, मागचा एक्सल माझ्याकडे आला.

सोमवारी आम्ही तो खाली काढला आणि मागच्या कोपऱ्यात दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला. चाकं काढलेली, ड्रम काढलेले, आतले दांडे आणि गिअर काढलेले. उरली दोन टोकांना दोन हबं, म्हणजे ज्यांच्यावर चाक बसतं ती बिडाची जाड भांडी. उजव्या हबात जे असायला हवं तेच निघालं. ग्रीस वाळून डांबर झालेलं, छिन्नीनं खरवडावं लागलं. मग मी डावं हब उघडलं.

त्यातलं ग्रीस मऊ होतं. बोट घातलं तर बोटाबरोबर आलं.

मनात म्हटलं, सील चांगलं असेल, हवा लागली नसेल. सगळं धुतलं, पुसलं, नवं ग्रीस भरलं, हब परत चढवलं आणि घरी गेलो. चांगल्या सीलचं कौतुक करतच गेलो.

२

घरी आम्ही दोघंच, मी आणि माझी वहिनी, मनकर्णा. माझं लग्न ठरत ठरत मोडायचं. आई चार वर्षांपूर्वी गेली होती.

जानराव माझा मोठा भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. अकोला-पातूर सर्व्हिस मोटरीवर तो आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला. गाडी थांबली की खाली उतरून चारही हबांना हात लावून पाहायचा. हब तापलं म्हणजे आतलं बेरिंग दुखतंय असं समजायचं. पण तळहात लावायचा नाही, उलटा हात लावायचा. "तळहात खोटं बोलते, पुंज्या," तो मला सांगायचा. "कामानं त्याची चामडी मेली असते. उलटा हात खोटं बोलत नाही." आणि दुसरी एक खोड. मोटरीच्या धंद्यात पत्र्यावर एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ द्या. कोणीतरी दोन ठोके दिल्याशिवाय जानराव गाडी हलवायचा नाही. सगळं पॅसेंजर बसलेलं दिसत असलं तरी नाही. "मागचा मानूस बोलला पायजे," म्हणायचा.

त्रेचाळीस साली तो लष्करात ड्रायव्हर म्हणून गेला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि मनकर्णावहिनी सोळा. दोन पत्रं आली, बरम्याच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या, बाजूला आहे एवढंच त्यांत होतं. पंचेचाळीसला एक इंग्रजी कागद आला. पोस्टमास्तरांनी वाचून सांगितलं, सापडत नाही. मेला असं त्यात लिहिलेलं नव्हतं. त्या एका न लिहिलेल्या शब्दावर वहिनीनं सोळा वर्षं काढली होती. सरकारी दवाखान्यात आयाची नोकरी धरली, माझ्या आईचं शेवटचं सगळं केलं, मला दोन वेळचं जेवू घातलं आणि दाराला आतून कडी कधी घातली नाही.

त्या आठवड्यात मात्र गोष्ट वेगळी होती. पातूरच्या शाळेतले नत्थुजी मास्तर, बायको वारलेली, माणूस शांत आणि सरळ, त्यांनी वहिनीला मागणी घातली होती. रविवारी ते उत्तर घ्यायला येणार होते. सोमवारी रात्री भाकर वाढताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, मले मास्तर नापसंत नाईत. पन तुमी एकदा मले तोंडानं सांगा, का ते आता येत नाईत. तुमी म्हनसान तर मी मानीन. तुमी खोटं बोलत नाई."

"रविवारच्या आत सांगतो," मी म्हणालो. सांगायला काय होतं? तो येणार नव्हता, हे मला दहा वर्षांपासून माहीत होतं. फक्त म्हणायला जीभ उचलत नव्हती.

३

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास मी डाव्या हबाला सवयीनं उलटा हात लावला. हब कोमट होतं.

अकोल्यात लोखंड गरम लागलं तर कोणी दोनदा विचार करत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पाना फडक्यात धरावा लागतो. पण तेव्हा पौष होता. सकाळी तोंडातून वाफ निघत होती आणि चार हात पलीकडचं उजवं हब विहिरीतल्या दगडाइतकं गार होतं. मी वर पाहिलं. पत्र्याला भोक असेल, ऊन नेमकं इथे पडत असेल. भोक नव्हतं.

म्हणून हब उघडलं. आदल्या संध्याकाळी मी भरलेलं पिवळं नवं ग्रीस काळं पडलं होतं, चाललेल्या गाडीचं पडतं तसं. आणि सीलच्या मागे, गोल, बोटभर जाडीची माती बसली होती. ओली. लाल.

आमच्या मुलखात काळी माती. नांगराला चिकटते ती काळी, पायताणाला चिकटते ती काळी, सात तालुक्यांत कुठेही टोपली भरा, काळीच निघणार. ही विटकरी लाल होती आणि तिला पाचोळा कुजल्याचा वास होता. मी ती चिंधीवर घेतली आणि बराच वेळ पाहत बसलो.

मग स्वतःलाच झापलं. छप्पन साली नागपूरच्या मैदानात लाखो लोकांबरोबर उभा राहून मी भूतखेत, अंगात येणं, उतारा-बिताराला रामराम ठोकला होता. कोणी तसलं काही बोललं तर त्याची जाहीर चंपी करणारा माणूस मी. लढाईतली माती सीलमागे राहिली असेल, रॉकेल लागून भिजली असेल. काल माझ्या नजरेतून सुटली असेल. माझ्या नजरेतून बेरिंगमधली माती सुटली, हे मानायला भूत मानण्याइतकंच जड होतं, पण मानलं. पुन्हा धुतलं.

४

बुधवारी मी तयारीनं गेलो. मंगळवारी संध्याकाळी निघताना एक्सल ओढून दुसऱ्या भिंतीला लावला होता, हबावर ओलं पोतं गुंडाळलं होतं, आणि पोत्याला माझ्या हातची गाठ मारली होती.

गाठ तशीच होती. पोतं मात्र वाळून कडक झालेलं, आणि हब कालच्यापेक्षा गरम.

"ओमप्रकाश, इकडे या जरा. हात लावा याले."

त्यानं इंजिनातून डोकं काढलं, आला आणि तळहात ठेवला. त्याच्या तळहाताला घट्टे असे की विडी बोटांत विझवायचा. "थोडं कोमट हाये," तो म्हणाला. "मंग? भट्टीची झळ लागत असन."

"भट्टी तिकडे हाये."

"तर मंग तुमच्या प्रेमानं गरम झालं," असं म्हणून तो हसत परत गेला.

मी तिथेच उकिडवा बसलो, हात हबावर. बाहेर रस्त्यावरून बैलबंड्या चालल्या होत्या, सरकीचं ओझं नेणाऱ्या, त्यांची चाकं करकरत होती. आत ओमप्रकाश पान्यानं काहीतरी ठोकत होता. मग तो थांबला, बंड्याही पुढे गेल्या आणि जरा शांत झालं. त्या शांततेत एक्सलच्या नळीतून, लांबून, दोन ठोके आले.

ठक. ठक.

नळी दोन्ही बाजूंनी उघडी होती. मी वाकून आरपार पाहिलं, पलीकडची भिंत दिसली. आणि माझ्या हाताखालचं लोखंड हळूहळू निवू लागलं. कोणी गाडी घेऊन निघून जावं, तसं ते निवलं.

हे लिहिताना वाटतं, तेव्हा मी घाबरायला हवं होतं. घाम फुटायला हवा होता. पण खरं सांगतो, पातूरच्या लेण्यांत शिरलं की कोणी न सांगता आपला आवाज खाली येतो, तसं मला झालं. मी टोपी काढून हातात घेतली होती. कधी काढली ते आठवत नाही.

५

गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. नऊच्या सुमारास हब तापलेलं, सीलमागे लाल माती, मग दोन ठोके, मग निवणं. रोज आधीपेक्षा जास्त तापलेलं. मी रोज साफ करत होतो. आता मी ते कोणासाठी साफ करत होतो, हा प्रश्न मी मनात येऊ देत नव्हतो.

ट्रकवर मात्र शोधलं. चेसिसवर, दारांच्या आत, सीटखालच्या पत्र्यावर, कुठे नाव, कुठे नंबर, कुठे खिळ्यानं कोरलेलं काही. काही नव्हतं. हा ट्रक जानरावनं कधी पाहिला तरी असेल का, हेसुद्धा मी आजवर सांगू शकत नाही. असे हजारो ट्रक होते.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी दवाखान्यातून आली आणि पदरानं हात पुसत समोर बसली.

"भाऊजी, परवा रविवार हाये."

"हो."

"काहून बोलून नाई राहिले? सोमवारी तर म्हने सांगतो."

सोमवारी जे वाक्य जिभेवर नुसतं जड होतं, ते आता खोटं झालं होतं, किंवा खोटं असू शकत होतं. तो येत नाही असं म्हणावं तर कोणीतरी कुठेतरी अजून गाडी चालवत होतं. तसं सांगावं तर ही बाई आणखी सोळा वर्षं दाराची कडी काढून बसणार. चौतीस वर्षांची होती ती. केसांत आत्ता कुठे एक पांढरी बट आली होती.

"उद्या दुपारी डबा घेऊन वर्कशॉपात येजा," मी म्हणालो. "तिथं सांगतो."

ती उठून चूल सारवायला लागली.

६

शनिवारी मी साडेआठलाच पोचलो. हब इतकं तापलं होतं की उलटा हात क्षणभर टेकला आणि झटक्यानं मागे आला.

फडकं घेऊन उघडलं. बेरिंग काढलं, लाल माती काढली, आणि हबाच्या आत बेरिंग ज्या पोलादी कडीवर फिरतं ती कडी पुसली. पाच दिवसांच्या माझ्या घासण्यानं ती आरशासारखी झाली होती. दाराकडून येणाऱ्या उजेडात मी ती तपासायला वाकलो. रोज त्यात माझा वाकडा चेहरा आणि वरचे पत्रे दिसत.

पत्रे दिसले नाहीत. हिरवं दिसलं. दाट, ओलं, वरून टपटपणारं हिरवं, आणि त्यातून खाली उतरणारा लाल रस्ता, कडीच्या गोलाईत वळत गेलेला. पाऊस पडत होता, पण आवाज नव्हता. मग बाजूनं एक हात आत आला. मनगटापर्यंतच दिसला. हात वळला, उलटा झाला, आणि माझ्याकडे येत येत कडीला टेकला.

मी माझा हात हबाच्या बाहेरून तिथेच ठेवला. चटका बसला, तरी ठेवला. मध्ये बोटभर बीड होतं.

तो हात कोणाचा, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण तो तरुण होता. नखांत ग्रीस, कातडी ताणलेली, विशी-बाविशीतला हात. माझा हात त्याच्यासमोर थोराड दिसत होता. मी एकतीस वर्षांचा झालो होतो, आणि मला एकदम कळलं की तिकडे कोणाचं वय वाढलेलं नाही. तिकडे अजून तोच दिवस आहे, तोच रस्ता, आणि ती गाडी अजून पोचलेली नाही. माझे डोळे भरून आले. भीतीनं नव्हे. इतकं मोठं काहीतरी एवढ्याशा कडीत मावतं, यानं मी पार हरून गेलो होतो.

डोळे पुसून पाहिलं, तर पत्रे होते आणि माझा चेहरा.

मी ठोक्यांची वाट पाहिली. नऊ वाजले, दहा वाजले. ठोके आले नाहीत. उभ्या गाडीचं हब निवायला पाहिजे. पण हे रोज ठोके पडून गाडी निघाली की मगच निवायचं, आणि आज तापतच चाललं. मला समजलं, तो उभा आहे. उतरून, हब पाहून, तो जागेवर बसला आहे, आणि आज तिकडे मागे कोणी उरलेलं नाही.

ठोके मीच द्यायचे का? पान्याचं टोक मी दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. जाऊ द्या म्हणायचा हक्क माझा नव्हता.

७

वहिनी बारा वाजता आली. हातात डबा, दवाखान्याचं पांढरं लुगडं. ओमप्रकाश पुढे इंजिनात मान घालून होता. मी तिला मागच्या कोपऱ्यात नेलं.

काय बोलायचं ते सकाळपासून जुळवत होतो, सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "वहिनी, मले सांगता येत नाई. तुमीच याले हात लावून पा."

हे धैर्य नव्हतं. माझ्या डोक्यावरचं ओझं मी तिच्या हातावर ठेवलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

तिनं का म्हणून विचारलं नाही. डबा खाली ठेवला. एक्सलकडे पाहिलं, मग हबाकडे, मग माझ्याकडे. आणि हात पुढे केला. तळहात नाही. हात वळवून, उलटा.

मी "जपून" म्हणणार होतो, तेवढ्यात हात टेकलाही होता.

तिनं तो काढला नाही. मी मनात आकडे मोजायला लागलो आणि वीसनंतर मोजायचं सोडलं. तिचा चेहरा स्थिर होता. ओठ मात्र हलले, काहीतरी अगदी लहान, एखादं नाव असेल. बाहेर कोणी बैलाला हाकलत होतं. ओमप्रकाशनं कसलासा बोल्ट खाली पाडला, तो घरंगळत भिंतीपर्यंत गेला.

"थंड हाये," वहिनी म्हणाली.

मी तिच्या हाताकडे पाहिलं.

"थंडगार हाये, भाऊजी. मास्तरले हो म्हनून सांगून द्या."

मग तिनं मूठ वळली आणि बोटांच्या पेरांनी हबावर दोन ठोके दिले. जोरात नाहीत. दार लोटून घेताना आपण जसं हळू लोटतो, तसे.

डबा माझ्या हातात देऊन ती गेली. फाटकापाशी तिनं पदर डोक्यावर घेतला, उजवा हात पदराखाली धरला आणि रस्त्याला लागली.

मी हबाला उलटा हात लावला. पौषातलं लोखंड असतं तसं होतं. पुन्हा ते कधी तापलं नाही.

८

आयुष्यात ते एकच हब मी न धुता भरलं. कडीच्या मागच्या खाचेत चिमूटभर लाल माती उरली होती, ती तशीच ठेवली आणि वरून ग्रीस दाबलं. बेरिंगमध्ये माती ठेवणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. ट्रक अंजनगावला गेला आणि चौदा वर्षं कापसाच्या गाठी ओढत राहिला. उजवं हब दोनदा खोलायला आमच्याकडे आलं. डावं कधी आलं नाही.

लग्न पुढच्याच रविवारी पातूरला झालं, साधं, पंचवीस माणसांत. मास्तरांच्या गळ्यात हार घालताना वहिनीच्या उजव्या हातावर, मागच्या बाजूला, दवाखान्याची पट्टी होती. मास्तरांनी हळूच विचारलं, काय लागलं म्हणून.

"दूध उतू गेलं," ती म्हणाली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मीही मान हलवली. आमच्या घरी दूध येत नव्हतं. चहा आम्ही दोघं काळाच प्यायचो.